वर्गातला पॉडकास्ट : प्रश्नावलीपासून परिपाठापर्यंत

विद्यार्थ्यांकडून पॉडकास्ट करून घेण्याचा विचार निघाला की शिक्षकांच्या मनात पहिला प्रश्न साधनांचा येतो : मायक्रोफोन कोणता, ॲप कोणते, खोली कोणती. हे प्रश्न खरे आहेत. पण त्यांची उत्तरे एका तासिकेत मिळून जातात. ज्यासाठी हा उपक्रम वर्गात आणायचा ते शिकणे ध्वनिमुद्रणाच्या आधी आणि नंतर घडते. काय विचारायचे हे ठरवताना, ऐकलेले कागदावर उतरवताना आणि चाळीस मिनिटांच्या बोलण्यातून तीन मिनिटे निवडताना विद्यार्थ्याला विषय समजून घ्यावाच लागतो. म्हणून वेळेची आणि गुणांची वाटणी या तीन कामांना झुकते माप देऊन करावी, हा या लेखाचा आग्रह आहे. पाठ्यपुस्तकातला उतारा माइकसमोर वाचून घेतला, तर तो पॉडकास्ट होत नाही, ते फक्त प्रकट वाचन राहते.

पुढची मांडणी एका ठरावीक उदाहरणाला धरून केली आहे : इयत्ता नववी, विषय इतिहास, प्रकरण १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ, आणि विद्यार्थ्यांनी घेतलेल्या गावातल्या वडीलधाऱ्यांच्या मुलाखती. राज्य मंडळाच्या नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात, म्हणजे २०१७ च्या आवृत्तीत, पहिलाच पाठ इतिहासाच्या साधनांचा आहे आणि त्यात मौखिक साधनांचा उल्लेख आहे; त्यामुळे हा उपक्रम अभ्यासक्रमाबाहेरचा ठरत नाही. त्या वर्षी पंधरा-सोळा वर्षांचे असलेले स्त्री-पुरुष आता सत्तरीच्या आसपास आहेत. ते बोलू शकतात, आणि बहुतेक घरांत त्यांना कोणी फार काही विचारलेले नसते.

विषयाची निवड

विषय निवडताना एकच कसोटी लावावी : याचे उत्तर गुगलवर आयते मिळते का? मिळत असेल तर विद्यार्थी तेच उतरवून आणतील, आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे एखादे साधन पाच मिनिटांची गुळगुळीत संहिता क्षणात लिहून देते. ‘दुष्काळाची कारणे व परिणाम’ हा विषय म्हणून टाळावा. ‘आपल्या गावचा पाझर तलाव कोणी खोदला, आणि खोदणाऱ्यांना मजुरी काय मिळाली’ हा विषय घ्यावा. त्याचे उत्तर गावातल्या चार-पाच माणसांकडेच असते.

शहरी शाळांना दुष्काळाचा विषय दूरचा वाटेल. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाच्या आठवणी सांगणारी माणसे अजून आहेत. इतर शहरांत एखादी जुनी मंडई, बंद पडलेली कंपनी किंवा नदीकाठची वस्ती चालेल. मात्र ज्या प्रसंगात माणसे दगावली आहेत, उदाहरणार्थ ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, तो विषय पहिल्याच खेपेला मुलांच्या हाती देऊ नये. समोरची व्यक्ती रडू लागली तर काय करायचे, हे चौदा वर्षांच्या मुलाला ठाऊक नसते, आणि ते त्याच्याकडून अपेक्षित धरणेही योग्य नाही.

आधी ऐकणे

पहिली तासिका केवळ ऐकण्यासाठी ठेवावी. आकाशवाणीवरील एखादी मुलाखत किंवा श्रुतिका, आणि एखादा मराठी पॉडकास्ट, असे दोन निरनिराळे नमुने प्रत्येकी चार-पाच मिनिटे ऐकवावेत. ऐकताना विद्यार्थ्यांनी वहीत तीनच गोष्टी टिपाव्यात : कंटाळा नेमका कुठे आला, निवेदक कुठे बोलला आणि कुठे गप्प राहिला, आणि माणसाच्या आवाजाखेरीज आणखी काय ऐकू आले. यातली मधली नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, कारण नवखा विद्यार्थी निवेदक झाला की गप्प बसत नाही. पाहुण्याने सांगितलेलेच तो पुन्हा आपल्या शब्दांत सांगतो.

गट आणि कामे

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात पाच-पाच जणांचे बारा गट होतात. प्रत्येक गटाने पाच मिनिटांचा एकच भाग करायचा. सगळे भाग ऐकायला साठ मिनिटे लागतात, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या दोन तासिकांत ते बसतात. भाग दहा मिनिटांचे ठेवले तर चार तासिका जातात आणि शेवटच्या गटांचे काम कोणी मन लावून ऐकत नाही. पाच मिनिटांची मर्यादा कठोरपणे पाळावी, कारण निवड करण्याची सक्ती त्या मर्यादेमुळेच होते.

गटात प्रश्नकर्ता, मुद्रणाचे यंत्र सांभाळणारा, शब्दांकन करणारा, संहिता लिहिणारा आणि माहिती पडताळणारा अशी कामे वाटावीत. पण ती पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तशीच ठेवू नयेत. तसे केल्यास वर्गातला बोलका मुलगा माइकपाशी आणि अक्षर चांगले असलेली मुलगी वहीपाशी अडकते, आणि ज्याला जे येतच होते तेवढेच तो पुन्हा करतो. यासाठी दोन नियम पुरेसे आहेत : अंतिम भागात प्रत्येकाचा आवाज किमान पंधरा सेकंद आला पाहिजे, आणि मूळ मुद्रणातल्या किमान एका मिनिटाचे शब्दांकन प्रत्येकाने स्वतः केले पाहिजे.

प्रश्नावली

या टप्प्याला पूर्ण एक तासिका द्यावी, आणि शक्य असल्यास दीड. विद्यार्थी प्रथम जे प्रश्न लिहितात ते बहुतेक वेळा ‘होय’ किंवा ‘नाही’ या उत्तराने संपणारे असतात : ‘७२ चा दुष्काळ भयंकर होता का?’ आजोबा ‘हो, लई भयंकर’ म्हणतात आणि मुलाखत तिथेच थांबते. त्याऐवजी ‘त्या वर्षी सकाळी घरात काय शिजायचे?’ असे विचारले, तर रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना होणारी तारांबळ, कामावर वाटली जाणारी सुकडी असे एकातून एक निघत जाते. प्रश्न जितका लहान आणि डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूविषयी, तितके उत्तर लांब आणि नेमके मिळते. ‘पाणी कुठून आणत होतात, आणि आणायला कोण जायचे?’, ‘खडी फोडायच्या कामाची हजेरी कोण घ्यायचे?’, ‘जनावरांचे काय केले?’ हे तीन प्रश्न जवळपास कोणत्याही दुष्काळी गावात चालतात.

प्रत्येक गटाकडून दहा प्रश्न लिहून घ्यावेत, ते दुसऱ्या गटावर विचारून पाहावेत आणि ज्या प्रश्नांना एका शब्दात उत्तर मिळाले ते खोडून टाकावेत. उरलेले पाच-सहा पुरे होतात. त्यांच्या जोडीला दोन वाक्ये मात्र सर्वांनी पाठ करावीत : ‘मग पुढे काय झाले?’ आणि ‘म्हणजे कसे, जरा सांगता का?’ मुलाखतीतला उत्तम भाग बहुधा या दोन वाक्यांनंतरच येतो. विद्यार्थ्यांना गप्प बसण्याचाही सराव द्यावा. उत्तर संपले असे वाटले तरी मनात तीनपर्यंत आकडे मोजून मगच पुढचा प्रश्न विचारायचा, कारण म्हातारी माणसे थांबून, आठवून बोलतात.

संमती

मुलाखत देणाऱ्या व्यक्तीला मुद्रण कशासाठी आहे, ते कोण ऐकणार आणि नको असेल तो भाग काढता येईल, हे आधी सांगून मगच यंत्र सुरू करावे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांची संमती मुद्रणाच्या सुरुवातीलाच त्यांच्या आवाजात घ्यावी. विद्यार्थ्यांच्या पालकांकडून मात्र लेखी संमतिपत्र घ्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती लागते, असे तत्त्व आहे. शाळेने त्याच तत्त्वाने वागणे इष्ट. भागात विद्यार्थ्याचे पहिले नाव आणि इयत्ता एवढेच सांगावे. आडनाव, पत्ता आणि फोन क्रमांक येऊ देऊ नये.

ध्वनिमुद्रण

एक साधा स्मार्टफोन पुरतो. प्रत्येक विद्यार्थ्याकडे फोन असावा अशी अट घातली तर ज्यांच्या घरी एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर दिवसभर बाहेर असतो ती मुले आपोआप मागे पडतात. म्हणून शाळेचा किंवा शिक्षकांचा एक फोन गटांनी आळीपाळीने वापरावा, हे बरे. बारा गटांना एका आठवड्यात तो सहज पुरतो.

फोन फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर मध्येच कॉल येतो. बहुतेक फोनचा मायक्रोफोन खालच्या कडेला असतो. ती कड बोलणाऱ्याकडे करून फोन तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर, किंचित बाजूला धरावा. अगदी समोर धरला तर प, फ, ब, भ या ओष्ठ्य व्यंजनांबरोबर सुटणारी हवा थेट मायक्रोफोनवर आपटते आणि ‘धप्प’ असा आवाज मुद्रित होतो. फोन टेबलावर ठेवायचा असेल तर खाली घडी घातलेला रुमाल ठेवावा. पंखा बंद करावा. पत्र्याच्या छपराखाली पावसात मुद्रण करण्याचा प्रयत्न करू नये. शाळेत निवेदन मुद्रित करायचे असेल तर ग्रंथालय सर्वांत चांगले, कारण पुस्तकांची कपाटे आवाजाचा घुमारा शोषून घेतात. प्रयोगशाळा आणि रिकामा सभागृह टाळावा. ग्रंथालय नसेल तर वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजी अंथरून मागे एखादी चादर टांगली तरी फरक कळतो. शाळेच्या घंटेची वेळ आधी पाहून ठेवावी.

प्रत्यक्ष मुलाखतीपूर्वी अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करून ते लगेच ऐकून पाहावे. ही तपासणी टाळली जाते आणि मग सगळ्या मुलाखतीत फक्त बोटांची खरखर ऐकू येते. त्याचबरोबर कोणीही न बोलता त्या जागेचा दहा सेकंदांचा आवाज मुद्रित करून ठेवावा. त्याचा उपयोग संपादनात होतो. अंगणात कोंबड्या ओरडत असतील, जात्याचा किंवा हातपंपाचा आवाज येत असेल, तर तो स्वतंत्रपणे वीस-तीस सेकंद घेऊन ठेवावा. विकतच्या पार्श्वसंगीतापेक्षा तो कितीतरी उपयोगी पडतो.

फाइल एका फोनवरून दुसरीकडे पाठवताना व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज वापरू नये, कारण त्यात आवाज बराच दाबला जातो. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते.

शब्दांकन आणि निवड

या टप्प्यावर अनेक शिक्षक घाई करतात, आणि ती करू नये. गटाने पूर्ण मुद्रण एकदा ऐकायचे, कोणत्या मिनिटाला काय आहे याची अर्ध्या पानाची यादी करायची, आणि त्यातले पाच-सहा मिनिटांचे भाग वाटून घेऊन शब्दशः उतरवायचे. फोनवर मराठी बोलून टंकन करण्याची सोय आहे, पण बोलीभाषेत ती गोंधळते. आणि हाताने लिहिताना विद्यार्थी प्रत्येक वाक्य तीन-चारदा ऐकतो, हा फायदा यंत्राच्या हवाली करण्यात अर्थ नाही.

‘आमी तवा लहान व्हतो’ हे वाक्य ‘आम्ही तेव्हा लहान होतो’ असे दुरुस्त करून लिहायचे नाही, हे स्पष्ट सांगावे लागते, कारण मराठीच्या तासाला आपणच मुलांना उलट शिकवलेले असते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाड्यातली बोली, जे बोलले असेल ते तसेच उतरवावे. मुलाखत लमाणी, गोंडी किंवा भिलीत झाली असेल तर मूळ आवाज दोन वाक्ये ऐकू द्यावा आणि मग तो थोडा मंद करून त्यावर विद्यार्थ्याने मराठीत अर्थ सांगावा. ज्या मुलाची घरची भाषा वर्गात कधी ऐकू येत नाही, त्याला या कामात अचानक मान मिळतो. निवेदन प्रमाण मराठीत असावे की बोलीत, हे गटालाच ठरवू द्यावे. मात्र भागाच्या मध्यावर ते बदलू नये.

आता निवड. प्रत्येक गटाने उतरवलेल्या मजकुरातून तीन मिनिटांचे तुकडे निवडायचे आणि त्याबरोबर एक ‘गाळलेल्यांची यादी’ द्यायची : कोणते दोन चांगले तुकडे सोडले आणि का. ‘वेळ नव्हता’ हे कारण ग्राह्य धरायचे नाही. ‘आजींनी तलावाची गोष्ट सांगितली, पण आमचा भाग खाण्यापिण्याविषयी होता’ हे कारण चालते. ‘काकांनी एका शेजाऱ्याविषयी जे सांगितले ते त्याच्या घरच्यांना लागले असते’ हे त्याहून चांगले. गटाला विषय किती समजला आहे, हे शिक्षकाला या अर्ध्या पानावरून कोणत्याही लेखी परीक्षेपेक्षा लवकर कळते, असे माझे मत आहे.

पडताळणी

आठवण आणि नोंद यांत फरक असतो, आणि तो शोधणे हाच इतिहासाचा अभ्यास. मुलाखतीत ‘आम्ही ७२ साली रोजगार हमीवर खडी फोडली’ असे वाक्य हमखास येते. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा असून तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. दुष्काळाच्या वर्षांत चाललेली बरीचशी कामे टंचाई निवारणाची होती, आणि पुढे योजनेचे नाव घरोघरी रुळल्यावर लोक आधीच्या कामांनाही तेच नाव देऊ लागले असावेत. बोलणारी व्यक्ती खोटे सांगत नसते. विद्यार्थ्याने तिचे वाक्य काढून टाकायचे नाही आणि तिला दुरुस्तही करायचे नाही. निवेदनात एक वाक्य घालून वर्ष आणि कायदा स्पष्ट करायचा. प्रत्येक गटाने आपल्या भागातली किमान दोन विधाने पाठ्यपुस्तक, ग्रामपंचायतीचे दप्तर, तलावावरची कोनशिला किंवा दुसऱ्या एखाद्या व्यक्तीची मुलाखत यांच्याशी ताडून पाहावीत.

संहिता

पाच मिनिटांतली तीन मिनिटे मुलाखतीची, उरलेली दोन निवेदनाची. मराठी मजकूर ऐकणाऱ्याला नीट कळेल अशा गतीने वाचला तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. म्हणजे निवेदनाची संहिता दोनशे ते अडीचशे शब्दांची हवी. ती निबंधासारखी लिहू नये. ‘उपरोक्त’, ‘खालीलप्रमाणे’, ‘सदर’ हे शब्द कानाला काही सांगत नाहीत, कारण ऐकणाऱ्याला वर आणि खाली काहीच दिसत नसते. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. आकडे शक्य तेवढे कमी ठेवावेत. सुरुवात ‘नमस्कार, आज आपण दुष्काळ या विषयावर माहिती घेणार आहोत’ अशी न करता मुलाखतीतल्या सर्वांत ठसठशीत वाक्याने करावी आणि मग ते कोण बोलले ते सांगावे. संहिता मोठ्याने वाचून पाहावी आणि जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडावे.

संपादन

शाळेच्या संगणक कक्षात ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर चालते आणि जुन्या संगणकांवरही ते तग धरते. फोनची फाइल बहुधा एम-फोर-ए प्रकारची असते. विंडोजवर ती ऑडॅसिटीत उघडण्यासाठी एफएफएमपेग ही पूरक लायब्ररी आधी बसवावी लागते. हे काम शिक्षकाने आदल्या दिवशी करून ठेवावे, नाहीतर तासिका त्यातच जाते. संगणक कक्ष नसेल तर फोनवरचे ध्वनिसंपादनाचे कोणतेही साधे ॲप चालेल.

विद्यार्थ्यांना चारच क्रिया शिकवाव्यात : कापणे, सरकवणे, आवाज कमी-जास्त करणे, आणि सुरुवात-शेवट हळूहळू चढवणे-उतरवणे. मागचा सततचा घरघराट कमी करायचा असेल तर वर सांगितलेले दहा सेकंदांचे मुद्रण नमुना म्हणून देऊन ‘नॉइज रिडक्शन’ वापरावे, पण बेतानेच. जास्त वापरले की माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. दोन आवाजांच्या पातळीत फार फरक राहू नये, एवढे पाहिले तरी पुरे. कापताना श्वासाच्या जागी कापावे, आणि बोलणाऱ्याचा अर्थ बदलेल असे दोन तुकडे कधीही जोडू नयेत. ‘आम्हाला मदत मिळाली... पण फार उशिरा’ यातला दुसरा अर्धा भाग कापला तर वाक्य उलटे होते. वर्गात फळ्यावर असे एक वाक्य लिहून ते दोन प्रकारे कापून दाखवावे. बातमी कशी बनते आणि कशी बिघडते, याचा धडा त्यात आपोआप येतो.

काम संपल्यावर फाइल एमपी-थ्री प्रकारात काढावी. १२८ केबीपीएस दराने एका मिनिटाला सुमारे एक एमबी लागतो, म्हणजे पूर्ण भाग पाच एमबीच्या आत बसतो.

चित्रपटगीते आणि प्रसिद्ध भावगीते पार्श्वभूमीला घालण्याचा मोह सर्वांनाच होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने शिक्षणाच्या कामासाठी काही सवलती दिल्या आहेत, पण भाग इंटरनेटवर टाकला की त्या सवलतींवर विसंबता येत नाही. त्यामुळे संगीत हवेच असेल तर वर्गातल्याच कोणाचे हार्मोनियम, हलगी किंवा आजीच्या तोंडची जात्यावरची ओवी घ्यावी.

ऐकवणे आणि गुण

पहिले प्रसारण परिपाठात करावे. रोज एक भाग, पाच मिनिटे. बारा दिवस पुरतो. शक्य झाले तर ज्यांची मुलाखत घेतली त्यांना त्या दिवशी शाळेत बोलवावे आणि इतरांनी ऐकण्यापूर्वी भाग त्यांना ऐकवून मान्यता घ्यावी. जवळपास सामुदायिक रेडिओ केंद्र असेल, जसे सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे किंवा पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे, तर तिथे विचारून पाहायला हरकत नाही. यूट्यूबवर टाकायचे असेल तर ‘अनलिस्टेड’ ठेवून दुवा पालकांच्या गटापुरता द्यावा.

गुण वीसपैकी द्यावेत : प्रश्नावलीला चार, शब्दांकन आणि गाळलेल्यांच्या यादीला सहा, पडताळणीला चार, संहितेला चार, आणि ध्वनीच्या गुणवत्तेला फक्त दोन. ही वाटणी पहिल्याच तासिकेला फळ्यावर लिहावी, म्हणजे ज्याच्या घरी महागडा फोन आहे त्याचा गट वरचढ ठरत नाही. आठवीपर्यंतच्या वर्गांत हाच उपक्रम आकारिक मूल्यमापनात प्रकल्प म्हणून धरता येतो, नववी-दहावीला अंतर्गत मूल्यमापनात.

शेवटचे काम जपणुकीचे आहे आणि ते शिक्षकानेच करावे. पाच मिनिटांच्या भागाबरोबर मूळ, न कापलेले मुद्रण, शब्दांकन आणि संमतिपत्राची प्रत एकाच फोल्डरमध्ये ठेवावी. फाइलच्या नावात वर्ष, गाव, विषय आणि गटाचा क्रमांक असावा. आणि हे सर्व एका पेनड्राइव्हवर व दुसऱ्या एखाद्या संगणकावर असे दोन ठिकाणी उतरवून त्याची नोंद शाळेच्या ग्रंथालयाच्या वहीत करावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या नववीला पडताळणीसाठी याच मुलाखती वापरता येतील.